निमित्त बेळगावचे, प्रश्न हेब्बाळचा

वृद्ध आई-वडिलांना रुग्णालयात दाखल करून पसार होणाऱ्या मुलांविरुद्ध २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यान्वये तक्रार करावी, त्यांच्या नावे झालेले मालमत्तेचे हस्तांतरण रद्द करवावे, असा आदेश कर्नाटकचे वैद्यकीय शिक्षणमंत्री शरणप्रकाश पाटील यांनी मार्च २०२५ मध्ये आपल्या खात्यातील संस्थांना दिला. बेळगावच्या सरकारी वैद्यकीय संस्थेत अशी दीडशेहून अधिक प्रकरणे आढळली होती.

आदेशाचा धाक बसेलही. मात्र कायद्याचे कलम २३ सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेल्या मालमत्तेपुरते आहे. ज्यांच्यापाशी देण्याजोगे काही नव्हतेच, त्यांना त्याचा उपयोग काय? शिवाय बंगळुरूच्या हेब्बाळ भागातील बॅप्टिस्टसारखी मोठी रुग्णालये खासगी. ती या खात्याच्या अखत्यारीत नाहीत. नोकरदार मुलाकडे गावाहून आलेल्या मराठी आईला कोणी टाकून जात नाही. तिची औषधे चुकतात, दंडावर वळ दिसतात. तिला कानडी येत नाही आणि डॉक्टरांपुढे दुभाषी असतो तो मुलगाच.

कलम ५ अन्वये न्यायाधिकरण स्वतःहून दखल घेऊ शकते. पण त्याला कळवणार कोण? रुग्णाशी एकांतात बोलणे, नातेवाइकाऐवजी त्रयस्थ दुभाषी, वळांची नोंद आणि ती पुढे धाडणारा जबाबदार कर्मचारी, एवढे तरी सरकारी-खासगी सर्वच रुग्णालयांवर बंधनकारक करणे राज्याच्या आरोग्य खात्याच्या हाती आहे.