साठ सेकंदांचा पहारेकरी

२०१८ सालच्या जुलैतली गोष्ट. शनिवारी आम्ही सगळे दाभोशाचा धबधबा पाहायला गेलो होतो. जव्हार-मोखाड्याचा भिजलेला हिरवागार मुलूख, कड्यावरून कोसळणारं पाणी आणि फोनला रेंज नाही. आणखी काय हवं? परतताना जव्हार आलं, रेंज आली आणि मिस्ड कॉलची रांगच लागली. सतरा! आमचा सर्व्हर आडवा झाला होता.

सर्व्हर होता पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट डॉक्टरांपर्यंत पोचवणारा. डिस्क भरली होती, त्यामुळे नवे रिपोर्ट साठवले जात नव्हते. कुणाचं तरी निदान आमच्यापाशी अडकून पडलं होतं. आणि डिस्क कशाने भरली? तर लॉगने.

लॉग म्हणजे प्रोग्रॅमची रोजनिशी. 'इन्फो' पातळीवर तो मोजकंच लिहितो. 'डीबग'वर ठेवलात की श्वास घेतला, श्वास सोडला, हेही लिहितो. फोनवरून मी सहकाऱ्याला लॉगची कॉन्फिगरेशन फाइल वाचून दाखवायला सांगितली. तिच्यात डीबगचं नावही नव्हतं. जुने लॉग उडवले, तर डिस्क पुन्हा भरायला लागली. तीन तास असे गेले. शेवटी सर्व्हर रीस्टार्ट केला आणि सगळं शांत झालं.

उलगडा रात्री झाला. आमच्याकडे लॉगफोरजेची जुनी १.२ आवृत्ती होती (ती २०१५ सालीच निवृत्त झालेली, पण निवृत्तांना कामाला जुंपण्यात आपला हात कोण धरणार?). तिच्यात 'कॉन्फिगरअँडवॉच' नावाची सोय आहे. एक पहारेकरी थ्रेड दर ६० सेकंदांनी फाइल बदलली का ते पाहतो आणि बदलली असेल तर पुन्हा वाचतो. आमच्या एका पोराने आदल्या रात्री एक चूक शोधायला फाइलमध्ये डीबगची ओळ घातली, चूक शोधली आणि प्रामाणिकपणे ओळ पुसून तो घरी गेला. पण हा पहारेकरी फाइल पुन्हा वाचताना आधीच्या सेटिंग्ज पुसत नाही! ओळ आली, पातळी बदलली. ओळ गेली, पातळी तशीच. फाइल एक सांगत होती, मेमरीत दुसरंच चाललं होतं.

पोराला मी बोल लावणार नाही. लावायचाच तर स्वतःला, कारण ती सोय चालू केली होती मी. मोठ्या कौतुकाने! लॉगच्या आकाराला मर्यादा घालायचंही मीच विसरलो होतो.

यावर हुशार मंडळी म्हणतील, "अहो, लॉगबॅक आणि लॉगफोरजे २ यांनी ही खोड कधीच मोडली." मोडली, मान्य. ते जुनं बाजूला सारून सगळं नव्याने मांडतात. पण माझं भांडण त्या एका खोडीशी नाही. चालत्या सर्व्हरचं वागणं कुणालाही न विचारता, कुठेही नोंद न होता, फाइल सेव्ह केल्याबरोबर बदलावं, या कल्पनेशी आहे. कोडमधला स्वल्पविराम बदलायला आम्ही दोघांची संमती घेतो. आणि ही फाइल? आओ-जाओ घर तुम्हारा! त्या डीबगमध्ये पेशंटची नावं आणि आजारही उघड लिहिले गेले होते. डिस्क रिकामी करता येते. हे कसं पुसायचं?

गंमत म्हणजे ही सोय करणाऱ्यांनाही तिचा फार भरवसा नसावा. लॉगबॅकमध्ये 'स्कॅन' मुद्दाम चालू करावं लागतं, लॉगफोरजे २ मध्ये 'मॉनिटरइंटरव्हल' मुद्दाम द्यावा लागतो. १.२ च्या बाबतीत तर त्यांनी स्पष्ट बजावलं होतं की हा थ्रेड थांबवता येत नाही, तेव्हा जिथे ॲप्लिकेशन पुन्हापुन्हा उतरवून चढवली जातात तिथे तो वापरू नका. वाचतो कोण?

मग दर वेळी रीस्टार्ट करायचं का? मुळीच नाही. रीस्टार्ट केलं की जी चूक पकडायची तीच बऱ्याचदा पळून जाते. पातळी चालत्या सर्व्हरवर बदलता यायलाच हवी. पण ती माणसाने हुकूम देऊन बदलावी: जेएमएक्समधून म्हणा, स्प्रिंग बूटच्या लॉगर्स एंडपॉइंटवरून म्हणा, पासवर्डच्या आड. कुणी बदलली, का बदलली याची नोंद व्हावी. आणि अर्ध्या तासाने ती आपोआप मूळ पदावर यावी. आपोआप व्हायला हवं ते हे! आपण बरोबर उलटं करून ठेवलंय. बदल आपोआप, आणि परत येणं माणसाच्या आठवणीवर.

जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात पाणी असं कोसळतं आणि उन्हाळ्यात बायाबापड्या हंडाभर पाण्यासाठी मैलभर चालतात. त्या रात्रीचा आमचा लॉग तसाच होता. डिस्क भरून वाहत होती आणि डिस्क का भरली हे सांगणारी एक ओळ त्यात नव्हती.

असो. त्यानंतर मी पहिलं काम केलं ते पहारेकऱ्याला निरोप देण्याचं. दाभोशाला मात्र पुन्हा जायचंय. या वेळी निश्चिंत मनाने.