गणिताची शिकवणी लावली, सरावाचे काय?

मुंबई, विशेष प्रतिनिधी

शाळेचे वर्ष सुरू होताच शहरांतील अनेक घरांत पहिला निर्णय होतो तो गणिताच्या शिकवणीचा. शुल्काचा हप्ता भरला की पालक निर्धास्त होतात. वास्तविक कळीचा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. क्लासहून परतल्यावर विद्यार्थी कोणाच्याही मदतीवाचून किती गणिते सोडवतो?

केंद्र सरकारच्या २०२५ मधील शिक्षणविषयक सर्वेक्षणानुसार देशातील २७ टक्के विद्यार्थी शिकवणीला जातात. शहरांत हे प्रमाण ३०.७ टक्के आहे. शहरी विद्यार्थ्यामागे वर्षाला सरासरी ३,९८८ रुपये त्यावर खर्च होतात. ग्रामीण भागातही 'असर' अहवालांनुसार पहिली ते आठवीतील शिकवणीचे प्रमाण २०१८ मधील २६.४ टक्क्यांवरून २०२२ मध्ये ३०.५ टक्क्यांवर गेले. मात्र २०२४ च्या 'असर'मध्ये ग्रामीण भागातील आठवीच्या केवळ ४५.८ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. यावरून शिकवण्या निरुपयोगी ठरत नाहीत. परंतु तास वाढले म्हणजे गणित आले, हे समीकरण मांडता येत नाही.

याचे कारण अभ्यासाच्या रीतीत आहे. फळ्यावर उदाहरण सुटत असताना प्रत्येक पायरी पटते, वहीत उतरवली जाते आणि 'समजले' असे वाटते. दुसऱ्या दिवशी तेच उदाहरण कोऱ्या कागदावर मांडताना पहिल्याच पायरीला गाडी अडते. पाहणे आणि करणे यांतील हे अंतर केवळ सरावानेच भरून निघते.

सरावही कसा करावा, याला महत्त्व आहे. अमेरिकेतील डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने एकाच प्रकारची उदाहरणे ओळीने सोडवली, दुसऱ्याने सर्व प्रकार मिसळून. सरावाच्या वेळी पहिला गट पुढे होता. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र त्याची २० टक्केच उत्तरे बरोबर आली. दुसऱ्या गटाची ६३ टक्के. एका प्रकरणाची वीस उदाहरणे सलग घोटून घेण्याची आपल्याकडील पद्धत म्हणूनच फसवी ठरते. त्यात सूत्र आधीच ठाऊक असते. कोणते सूत्र लावायचे, हे ठरवण्याची वेळच येत नाही. परीक्षेत नेमके तेच ठरवायचे असते.

दुसरा मुद्दा सातत्याचा. जपानमधील शिक्षक तोरू कुमोन यांनी १९५४ मध्ये स्वतःच्या मुलासाठी रोज थोडी, त्याला झेपतील अशी गणिते लिहून देण्यास सुरुवात केली. पुढे जगभर पसरलेल्या पद्धतीचा पाया तोच. पूर्वी आपल्याकडे तिन्हीसांजेला म्हटले जाणारे पाढेही याच जातीचे. मात्र शाळा, क्लास आणि प्रवास यांत दिवस संपत असेल, तर रोजची अर्धी घटकाही उरत नाही. मग आणखी एक क्लास लावला जातो आणि उरलासुरला वेळही जातो.

ही बांधिलकी एकट्या मुलाची नाही. क्लासने मिश्र उदाहरणे द्यावीत आणि चुकलेली पुन्हा सोडवून घ्यावीत. पालकांनी गुण विचारण्याआधी आज कुठे अडले, ते विचारावे. गणिताची धास्ती घेतलेला विद्यार्थी दहावीनंतर अभियांत्रिकीपासून अर्थशास्त्रापर्यंतच्या वाटा स्वतःच बंद करून घेतो. प्रवेश घेताना शुल्क आणि निकाल यांबरोबरच, घरच्या सरावासाठी दिवसातील कोणता अर्धा तास राखून ठेवायचा, हेही पालकांनी त्याच दिवशी ठरवलेले बरे.