कुलूप कुणाचं, आणि ते झोपतं का?

लोणावळा लोकल कामशेतच्या पुढे सिग्नलला थांबलेली. शेजारी माझा मित्र लॅपटॉप मांडीवर घेऊन वैतागलेला. तो मावळातच इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका छोट्या बोर्डवर मोटर अचूक वेळी फिरवायची, असा त्याचा प्रोजेक्ट. प्रोग्राम दहादा नीट चालायचा, अकराव्यांदा अख्खा बोर्ड गोठायचा. ‘अगं, स्पिनलॉक धरून झोपायचं नाही हे पुस्तकात आहे. पण इथे कुठलं लॉक झोपतं तेच कळेना!’

मी मास कॉमची. मला फक्त ‘झोपतं’ एवढंच कळलं. मग शोधायला बसले.

कर्नल म्हणजे (फौजेतले नव्हे) ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्सचंच कर्नल असतं. त्यात ढीगभर कामं एकाच वेळी चालतात आणि दोघांनी एकाच माहितीत हात घातला की घोळ होतो. म्हणून लॉक. आमची लोकल थांबली होती तीही याच हिशेबाने, दोन सिग्नलमधल्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी. डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९६०च्या दशकात अशाच एका यंत्रणेला नाव दिलं ‘सेमाफोर’, म्हणजे चक्क रेल्वेचा हातवाला सिग्नल!

घोळ किती महागात पडतो? २०१६ मध्ये ‘डर्टी काऊ’ नावाची चूक उघड झाली. दोन कामांच्या शर्यतीचा फायदा घेऊन साधा युजर मशीनचा मालक बनू शकत होता. ही चूक २००७ पासून कर्नलमध्ये होती.

आता ताजा मुद्दा. सप्टेंबर २०२४ मध्ये, सुमारे वीस वर्षांच्या खटपटीनंतर, ‘रिअल-टाइम’चा शेवटचा भाग मुख्य लिनक्समध्ये आला आणि नोव्हेंबरच्या ६.१२ आवृत्तीत सगळ्यांना मिळाला. कारखान्यातला यंत्राचा हात ठरल्या क्षणी थांबायला हवा, तर हे लागतं. पण त्यामुळे जुन्या शब्दाचा अर्थच बदलतो. स्पिनलॉक म्हणजे कुलूप उघडेपर्यंत दारातच गिरक्या घालायच्या, झोपायचं नाही, असं आपण शिकतो. रिअल-टाइम कर्नलमध्ये साधं स्पिनलॉक वाट बघताना झोपू शकतं. खरोखर गिरक्या घालतं ते ‘रॉ स्पिनलॉक’. कोडमधलं अक्षरही बदलत नाही, वागणं मात्र बदलतं.

मित्राने नेमकं रॉ स्पिनलॉकच्या आत साधं स्पिनलॉक घेतलं होतं. कुलूप मोकळं असेल तेव्हा सगळं सुरळीत. दुसऱ्या कुणी धरलेलं असलं की खेळ खल्लास.

हा नियम लिहिलेला नाही असंही नाही. लॉकच्या प्रकारांवरचं पान कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये २०२० पासून आहे. मित्राचं पुस्तक त्याआधीचं. कोणतं पान आधी वाचायचं हे सांगणारं कुणी नाही, खरी अडचण तिथे आहे. मेमरी बॅरियरवरचं जाडजूड प्रकरण तर सुरुवातीलाच कबूल करतं की आपण अपुरे आहोत. प्रामाणिक आहे, पण नवख्याची छाती दडपते. २०१८ मध्ये याच नियमांचं गणिती मॉडेल कर्नलमध्ये आलं, त्यावर छोटी उदाहरणं चालवून तपासता येतात. माझ्या मते ही सर्वांत चांगली सुधारणा, कारण नियम नुसता वाचायचा नाही, चालवून बघायचा.

रेल्वेत प्रत्येक स्टेशनचे स्वतःचे लेखी ‘वर्किंग रूल्स’ असतात. नवा स्टेशन मास्तर ते वाचून सही करतो, मगच ड्यूटी. कर्नलमध्ये सही नाही, पण कोड तपासणारी एक स्क्रिप्ट आहे. कॉमेंट न लिहिता मेमरी बॅरियर टाकलात तर ती टोकते. हे लॉक नक्की काय सांभाळतं, ते लिहा, असंही विचारते. आपल्या सबमिशनला कुणी असं विचारत नाही, तिथे नुसता आउटपुटचा स्क्रीनशॉट पुरतो!

मेमरी बॅरियरचं ते प्रकरण कर्नलच्या आतच कोरियन आणि स्पॅनिशमध्येही आहे. मराठीत नाही. पण भाषांतराआधी आपापल्या कोडमधल्या चार ओळी हव्यात, असं मला वाटतं.

मित्राने आतलं लॉक बाहेर काढलं आणि दोन्ही लॉकांच्या वर कॉमेंट टाकली: कोण काय सांभाळतं, कोण कुणाच्या आत चालणार नाही. मळवली आलं तेव्हा तो तिसरी ओळ लिहीत होता.