डोळे थकले, वाचनाची हौस नाही!

दुपारचं आवरलं, की वाचनालयातून आणलेली कादंबरी घेऊन घटकाभर आडवं व्हायचं, हे आपल्या आई-सासूबाईंचं हक्काचं सुख. आज त्यातल्या कितीतरी जणींना डोळ्यांची साथ उरलेली नाही. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रियेनं पुन्हा दिसू लागतं, पण काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. औषधपाणी, पथ्य आपण मनापासून सांभाळतो. त्यांच्या वाचनाचं काय, हे मात्र कुणी विचारत नाही. ‘आता या वयात वाचून काय करायचंय?’ म्हणून मोकळे होतो!

बोलकी पुस्तकं मराठीत नाहीत असं नाही. स्टोरीटेलनं २०१७ पासून ती मोबाइलवर आणली. ज्यांना छापील वाचता येत नाही त्यांच्यासाठी केंद्र सरकारनं २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ सुरू केलं, तेही मोफत. पण एका ठिकाणी दर महिन्याला पैसे मोजायचे, तर दुसरीकडे दिव्यांगत्वाचा दाखला हवा. सत्तरीच्या आजींनी त्यासाठी जिल्ह्याच्या गावी किती खेटे घालायचे?

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. मोबाइलची काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत. दिसत नसेल त्या बाईनं बोट ठेवायचं कुठे? मग ‘अगं, जरा लावून देतेस का?’ असं सुनेला नाहीतर नातवाला म्हणायचं. दोनदा म्हणतात, तिसऱ्यांदा संकोचानं गप्प बसतात. आयुष्यभर घर चालवलेल्या बाईला साध्या गोष्टीसाठी मिनतवारी करावी लागते, हे मला फार लागतं.

म्हणून तोंडानं सांगितलं की पुस्तक सुरू व्हावं, अशी सोय हवी. फोनशी मराठीत बोलायची सुविधा गुगलनं २०१८ मध्ये आणलीच आहे. आता ‘काल थांबले तिथून पुढे वाच’, ‘जरा हळू’, ‘ते परत सांग’, एवढं स्वस्तातल्या फोनलाही आपल्या बोलीत कळलं पाहिजे. पुस्तकं ऐकवणाऱ्या कंपन्यांकडे ही मागणी आपणच करायला हवी.

तोवर हातावर हात ठेवून कशाला बसायचं? पेनड्राइव्हवर चालणारे छोटे स्पीकर बाजारात मिळतात, त्यांची बटणं चाचपून कळतात. अनुदान घेणाऱ्या वाचनालयांनी असे दोन-चार स्पीकर घरी न्यायला द्यावेत. महिला मंडळातल्या खणखणीत आवाजाच्या मैत्रिणींनी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करावीत. साने गुरुजींची पुस्तकं २०११ पासून कॉपीराइटमधून मोकळी झाली आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करता येईल. शिवाय दिव्यांगांसाठी, नफा न घेता असं काम करायला कायद्यानंही २०१२ च्या दुरुस्तीत वाट करून दिली आहे.

मनात आलं की पुस्तक लावायचं आणि कंटाळा आला की बंद करायचं, एवढी मुभा आपल्या म्हाताऱ्या माणसांना मिळायलाच हवी. मैत्रिणींनो, पुढच्या भिशीला हा विषय काढाच.