घोडीच्या दावणीला एक गाढव

दसऱ्याच्या सुमारास येवल्याचा घोडेबाजार भरतो, दत्तजयंतीला सारंगखेड्याचा. आपल्यातलाच कोणी हौसेपायी घोडी घेऊन घरी येतो. हौसेला आमचा विरोध नाही. कोरडवाहू शेतकऱ्याने हौस करू नये, असा कायदा अजून तरी सरकारने केलेला नाही. आमची तक्रार पुढची आहे. ती घोडी गोठ्याच्या कोपऱ्यात एकटीच बांधली जाते.

घोडा हे कळपाचे जनावर. एकटे पडले की ते रात्र रात्र खिंकाळते, दावणीचे लाकूड कुरतडते, जागच्या जागी झुलत राहते, वैरण टाकते. आपण म्हणतो, नजर लागली. खरे दुखणे एकटेपणाचे असते. दुसरी घोडी आणायला पैसा नाही. मग एक गाढव आणा, असे आम्ही सुचवतो.

हसू नका. १६३० च्या सुमारास मुरार जगदेवाने पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवला, तेव्हापासून हे जनावर आपल्या बोलण्यात अपशकुनी आणि शिवीपुरते उरले. पण गाढवाचा मूळपुरुष आफ्रिकेच्या रखरखीत मुलखातला. म्हणजे तेही आपल्यासारखे कोरडवाहूच. दीडशे किलोच्या गाढवाला दिवसाला दोन-अडीच किलो कोरडी वैरण पुरते. घोडीच्या बरोबरीने खुराक दिला तर ते सुटते आणि आजारी पडते. त्याचा घास वेगळा ठेवावा. पावसात त्याची कातडी लवकर भिजते, म्हणून छप्पर हवे.

नर असेल तर खच्ची केलेलाच घ्यावा, नाहीतर तो चावतो आणि घोडीला खेचर होते. गाढवाच्या फुप्फुसातले जंत त्याला स्वतःला फारसे जाणवत नाहीत, पण घोडीला खोकला लावतात. तेव्हा एकत्र बांधण्याआधी जंताचे औषध आणि ग्लँडर्सची रक्ततपासणी पशुवैद्याकडून करून घ्यावी. आणि हिरव्या ज्वारीत दोघांनाही सोडू नये. घोड्याचे त्याने मूत्राशय बिघडते, लघवी थेंब थेंब गळते, मागचे पाय लुळे पडतात. चांगला वाळलेला कडबा चालतो.

आता गाढव आणायचे कोठून? २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ हजार गाढवे होती, २०१९ मध्ये १८ हजारांच्या आत आली. देशभरात तर सव्वातीन लाखांची सव्वा लाखाच्या आत आली. वीट-मातीचे काम ट्रॅक्टर आणि जेसीबीकडे गेले. उरलेली मांसासाठी कापली जातात आणि चिनी औषधासाठी कातड्यांची चोरटी निर्यात होते. २०२४ साली केंद्र सरकारने घोडे, गाढवे, उंट पाळण्याच्या उद्योगाला ५० लाखांपर्यंत अनुदान जाहीर केले. तीन गाढवांवर पोट भरणाऱ्या वडाराने त्याचा अर्ज कसा भरायचा, हे कोणी सांगितले नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे, की गाढव जवळच्या वडार, कुंभार किंवा परीट भावाकडूनच घ्यावे. पौष पौर्णिमेला जेजुरीला आणि रंगपंचमीला मढीला बाजार भरतो, पण तोवर घोडी एकटी का ठेवायची? भाव करताना एक लक्षात ठेवा. आपण कापसाचे रास्त दाम मागायला सभेला येतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या गाढवाला ‘गाढवच ते’ म्हणून पाडून मागतो. व्यापारी आपल्या कापसाला ‘कवडीचा माल’ म्हणतो तेव्हा आपल्याला राग येतो ना?

आणखी एक. जोडी जमली की मोडू नका. साथीदार गेला तर गाढव चारा सोडते आणि दोन-तीन दिवस उपाशी राहिले की जिवावर बेतते. घोडी विकायची वेळ आली, आणि कापसाचा भाव पडला की ती येतेच, तर गाढवासकट घेणारा गिऱ्हाईक बघावा. दोन पैसे कमी आले तरी चालतील.