शहीदाच्या अनाथ लेकरांसाठी सही कोण करणार?



शहीद जवानाच्या अंत्ययात्रेला हजारोंची गर्दी जमते, पुढारी आश्वासने देतात. पण आमच्या भागातील एक आजी दोन नातवंडांना घेऊन सरकारी कार्यालयात गेली, तेव्हा सोबत कुणीच नव्हते. मुलगा सैन्यात गेला आणि दोन वर्षांत सूनही आजाराने वारली. खिडकीवरच्या बाबूने सांगितले, "मुलांच्या आईची सही आणा." मृत्यूचा दाखला दाखवूनही तीन खेपा झाल्या.

हा एका बाबूचा दोष नाही. सगळी व्यवस्था वीरपत्नी हयात आहे असे धरूनच चालते.

नियमच पाहा. युद्धात वा शत्रूच्या कारवाईत जवान गेला तर पत्नीला त्याच्या शेवटच्या वेतनाइतके उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. मागे फक्त मुले उरली तर सर्वांना मिळून 60 टक्केच. म्हणजे आधार सर्वात कमी, तिथेच रक्कमही कमी! शिवाय सरकारी कागदावर 'शहीद' हा शब्दच नाही. तिथे 'बॅटल कॅज्युअल्टी' किंवा 'फिजिकल कॅज्युअल्टी' अशी नोंद होते आणि त्यावरच पुढचे सारे ठरते.

दुसरी अडचण पालकत्वाची. 1956 चा हिंदू अल्पवयीनता व पालकत्व कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. त्यात आजी-आजोबा नैसर्गिक पालक ठरत नाहीत. म्हणून जिल्हा न्यायालयातून पालकत्वाचा आदेश आणावा लागतो. मुलाच्या जन्माची नोंद जवानाच्या सेवापुस्तकात झाली नसेल, किंवा शाळेत आणि सैन्यात आडनाव वेगळे असेल, तर आणखी हेलपाटे.

मात्र मार्ग आहेत. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 नुसार मुलांना, स्त्रियांना आणि अनुसूचित जातींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जुलै 2025 मध्ये 'नालसा'ने सैनिक कुटुंबांसाठी वीर परिवार सहाय्यता योजनाही सुरू केली. आवाज उठवला तर सरकार ऐकते. 2017 मध्ये शहीदांच्या मुलांच्या शिक्षण सवलतीवर महिना 10,000 रुपयांची मर्यादा घातली होती, विरोधानंतर 2018 मध्ये ती मागे घ्यावी लागली.

बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते. 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. सैन्याशी आपले नाते पिढ्यांचे आहे. म्हणून तरुणांनो, शाल-श्रीफळाच्या सत्कारावर थांबू नका. प्रत्येक तालुक्यातील विहारातून दोन कार्यकर्त्यांनी अशा घरांची जबाबदारी घ्यावी. मृत्यूचे दाखले, जन्मदाखले, सेवापुस्तकातील नोंदी आणि बँक खाते यांची फाईल तयार करावी. मग आजीसोबत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे. प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार वापरावा.

आणि एक मागणी आपण सर्वांनी मिळून लावून धरावी: दोन्ही पालक गमावलेल्या मुलांना आईइतकेच पूर्ण निवृत्तिवेतन मिळाले पाहिजे.