जोडणे आणि घडविणे

प्लॅस्टिकचे लढाऊ विमान जोडत बसणे हा कलाशाखेच्या विद्यार्थ्याचा उद्योग आहे काय, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. विचारणाऱ्यांत मित्र आहेत, तसे गुरुजनही आहेत. नुसते जोडण्याविषयी असेल तर माझे उत्तर ‘नाही’ असेच आहे. परंतु विकत आणलेले किट तपासून, कापून, बदलून त्यातून खऱ्यासारखे विमान घडविणे हा अभ्यासच आहे. आणि परीक्षेपुरत्या आपल्या पुष्कळशा अभ्यासापेक्षा तो अधिक प्रामाणिक आहे, असे माझे मत आहे.

आम्ही चौघांनी वर्गणी काढून मिग-२१ एमएफ या विमानाचे १:३२ प्रमाणाचे किट घेतले. खऱ्या मिगच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, येथे तो २२ सेंटिमीटरांहून किंचित अधिक भरतो. एवढ्या मोठ्या प्रतिकृतीत चूक लपत नाही. पंखाची मागची कड १ मिलिमीटर जाड राहिली, तर खऱ्या विमानाच्या हिशेबाने ती ३२ मिलिमीटर झाली! म्हणून ती आतून कानशीने आणि पॉलिश पेपरने घासून पातळ करावी लागते.

किट बनविणाऱ्याला हे कळत नाही असे नव्हे. वितळलेले प्लॅस्टिक पोलादी साच्यात दाबून हे भाग काढतात. फार पातळ कडेपर्यंत ते नीट पोचत नाही, आणि भाग सुटून यावा म्हणून साच्याच्या भिंतींना उतार द्यावा लागतो. जुन्या किटांवर पत्र्याच्या सांध्यांच्या रेघा उठावदार असतात. कारण पोलादात रेघ कोरणे सोपे, आणि कोरलेली रेघ प्लॅस्टिकवर उठून येते. खऱ्या विमानावर तेथे बारीक फट असते. साच्याच्या सोयीसाठी सत्य असे थोडे थोडे वाकविलेले असते.

हे मला भोसरीतील एका लहान टूलरूममध्ये काम करणाऱ्या माझ्या वडिलांनी सांगितले. भाग हातात घेताच साच्याची दोन अर्धी कोठे मिळतात ती पार्टिंग लाइन आणि इजेक्टर पिनचा गोल डाग त्यांनी बोटाने दाखविला. चाकणच्या मोटारींचे डॅशबोर्डही याच विद्येने तयार होतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. पण या टेबलाशी शिक्षक ते आहेत. पदवी म्हणजे कानशीपासून सुटका, अशी समजूत आपल्या औद्योगिक पट्ट्यातील मुलांत रुजली आहे. तसे झाले तर एवढी विद्या एका पिढीत घरातून निघून जाईल, याची मला भीती वाटते.

आम्हाला आपल्या हवाई दलाचे ‘बायसन’ करावयाचे होते. त्यासाठी पुट्टी चढवून विमानाची पाठ फुगवावी लागली. एमएफची पुढची काच तुकड्यांची, तर बायसनची एकसंध. म्हणून लाकडी ठोकळ्यावर पारदर्शक प्लॅस्टिक तापवून ती नव्याने ओढली. प्रत्येक बदलाला छायाचित्राचा पुरावा पाहिजे, हा आमचा नियम होता. इतिहासाच्या तासाला साधनांची चिकित्सा म्हणतात ती हीच.

खुद्द या विमानाची कथाही अशीच आहे. मिग-२१ हवाई दलात १९६३ साली आले. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात आरंभी सोव्हिएत संघातून आलेले सुटे भाग जोडले जात. पुढे कच्च्या मालापासून विमाने होऊ लागली. त्यानंतर १२५ विमाने सुधारून बायसन करण्याचे काम झाले, तेही मुख्यतः ओझरलाच. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे मिग-२१ निवृत्त झाले. जोडण्यापासून घडविण्यापर्यंत आणि घडविण्यापासून सुधारण्यापर्यंतची ही वाट आपल्याच महाराष्ट्रात चालली गेली आहे.

आम्ही विद्यार्थी मात्र पहिल्याच पायरीवर बसलो आहोत. गाईड म्हणजे बौद्धिक किटच! भाग क्रमांकाने जोडा आणि उत्तरपत्रिका पूर्ण करा. त्यातही सत्य परीक्षेच्या साच्यासाठी वाकविलेले असते. पण मूळ ग्रंथाशी ताडून त्यावर कानस चालविण्याची तसदी कोण घेतो?

एन.सी.सी.च्या वायुसेना विभागात एरोमॉडेलिंग शिकवितात. आपल्या महाविद्यालयात इतरांसाठीही एक टेबल, एक व्हाइस आणि चार कानशी असाव्यात, अशी माझी विनंती आहे. शिकविण्यास परिसरातील कामगार पालकांना बोलवावे, आणि त्यांना व्याख्यात्याइतकाच मान द्यावा. वार्षिक प्रदर्शनात प्रत्येक प्रतिकृतीशेजारी एक कागद लावावा: काय बदलले, आणि कोणत्या पुराव्याने. गुण विमानाच्या रंगाला न देता त्या कागदाला द्यावेत.